आमच्या घरात कोण राहतं?

आरटीईतून, म्हणजे गरिबांच्या राखीव जागेवर, पोरीचा फुकट प्रवेश करायचा म्हटलं, की कागदांपेक्षा किस्सेच जास्त जमतात. माझी ईश्वरी सहा वर्षांची. लॉटरीत तिचं नाव लागलं, तेव्हापासून मला घास गिळवेना. पडताळणीत एक कागद चुकला, की शाळा गेली. मी सातवी शिकलेली. फाईल दिवसातून दहा वेळा उघडून बघायची. नवरा म्हणाला, "अगं, बघून बघून अक्षरं पुसून टाकशील."

*

घर शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असावं लागतं. पडताळणीच्या मॅडमनी कॉम्प्युटरवर नकाशा उघडला. फॉर्म भरणाऱ्या सायबरवाल्याने घराची खूण भलतीकडेच ठेवलेली.

"पत्ता कात्रजचा," मॅडम म्हणाल्या, "आणि घर खडकवासल्याच्या पाण्यात. मुलगी पोहत येणार का?"

मला रडू फुटलं. मागे रांगेतल्या बायका हसल्या, मग मलाही हसू आलं.

*

मॅडमनी घरमालकाचा पुरावा मागितला. दुसऱ्या दिवशी मी मालकीणबाई मंगलकाकूंनाच रिक्षात घालून नेलं. काकू खुर्चीत ऐसपैस बसल्या. "विचारा काय विचारायचं ते."

मॅडमनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"यांची झेरॉक्स कुठे काढू?"

*

शेवटी मॅडम म्हणाल्या, मीच येऊन घर बघते.

त्या दिवशी मी ईश्वरीला बालवाडीतून आणायला गेले. मागे मंगलकाकूंनी सगळी चाळ कामाला लावली. "घरात वस्तू दिसल्या तर हिला कोण गरीब म्हणणार?" शेजारणींनी मायेने एकेक वस्तू आपापल्या घरी नेली. टीव्ही, पंखा, मिक्सर, गादी. मी डाळ भरून ठेवलेला कुकरसुद्धा.

मी आणि मॅडम दारात एकदमच पोचलो. मॅडमनी चारी भिंती बघितल्या.

"इथे कुणी राहत नाही," म्हणाल्या, आणि पेनचं टोपण काढलं.

तेवढ्यात शेजारच्या घरात शिट्टी झाली.

"आई, आपला कुकर!" ईश्वरी ओरडली आणि मॅडमचा हात धरून निघाली. या घरात आमची डाळ, त्या घरात आमचा टीव्ही, त्याच्या पलीकडे गादी, आणि मंगलकाकूंच्या पलंगाखाली ईश्वरीची पाटी आणि चपला.

मॅडम काकूंच्याच पलंगावर टेकल्या. पाणी प्यायल्या.

"ताई, तुम्ही तर चार घरांत राहता," म्हणाल्या. "मी एकच लिहिते."