पालथ्या डोंग्याची ठकठक

आधीच सांगून टाकतो, मी सायन्सचा विद्यार्थी. मार्कांवरून तसं कधी वाटलं नाही, पण होतो. त्यामुळे या सदरातले अनुभव मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवतो आणि हसतो. चकवा म्हणे, हाका म्हणे... आज हसायची पाळी तुमची.

गोष्ट पन्नासच्या दशकातली. चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि गडचिरोली हा त्यातलाच तालुका. आमचं गाव गडचिरोलीच्या अलीकडे, वैनगंगेच्या काठावर. घर ढिवराचं. मासेमारी करायची, आणि डोंग्यातून लोकांना पलीकडे सोडायचं. डोंगा म्हणजे अख्खं खोड कोरून केलेली नाव. या घरातून मी चांद्याच्या कॉलेजात गेलो आणि तिथे काय केलं? तर नाव वल्हवायला लागलो.

झालं असं की नागपूर विद्यापीठानं आमच्या कॉलेजला वर्षभरासाठी शर्यतीची नाव दिली होती. लांबलचक, हडकुळी. चार वल्हेकरी जायच्या दिशेला पाठ करून बसायचे आणि पाचवा, म्हणजे कॉक्स, त्यांच्याकडे तोंड करून सुकाणू धरायचा. सुट्टीत घरी हे सांगितलं तेव्हा बाबा जेवता जेवता थांबले.

"आमी पोटासाठी वल्हवतो. हा फी भरून वल्हवते. आन् तेबी उलटा बसून."

माझी मोठीमाय, म्हणजे थोरल्या काकांची बायको, चुलीपाशी होती. ती म्हणाली, "जाते कुठी, ते तरी दिसते का रे तुले?"

"नाई. समोरचा सांगते."

"मंग त्यालेच पाठवाचं होतं कॉलेजात."

तो समोरचा म्हणजे वसंता. नागपूरचा, माझा रूम पार्टनर, वजनानं चिमणी आणि वर्गात पहिला. मी सहामाहीत केमिस्ट्रीत असा काही आपटलो की प्रिन्सिपलसाहेबांनी टीमलाच बोलावलं. म्हणाले, शर्यत जिंका आणि वार्षिक परीक्षेत सगळे पास व्हा. यातलं एक जरी हुकलं तर नाव नागपूरला परत. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. वसंता म्हणाला, "सर, याला मी पास करतो." बाहेर आल्यावर मला म्हणाला, "तू नापास झालास ना, तर तुझ्याशी या जन्मात बोलणार नाही. नाव गेली तर पुढच्याही."

त्यानं उपाय काढला तो असा. चांद्याच्या रामाळा तलावावर रोज पहाटे सराव चालायचा. मी सगळ्यात मागे, त्याच्या अगदी तोंडासमोर. बाकीचे कॉक्स "एक-दोन" ओरडतात, हा ओरडायचा, "सल्फ्युरिक — ओढ! नायट्रिक — ओढ!" अख्खी केमिस्ट्री माझ्या खांद्यांत उतरली. तोटा एवढाच, की बसल्या जागी काही आठवेना. वर्गात सरांनी प्रश्न विचारला की मी बाकावर पुढे-मागे झुलायला लागायचो. सरांना वाटलं पोट दुखतंय. दोनदा बाहेर जायची परवानगी मिळाली.

शर्यत जानेवारीत होती. समोर नागपूरच्या दोन तगड्या टीम. सकाळी पाण्यावर धुकं होतं म्हणून सगळे थांबलो, ते विरळ झालं तेव्हा बार उडाला. आम्ही निघालो आणि तलावाच्या मध्यात पोचतो न पोचतो तोच धुकं पुन्हा उतरलं, ते असं की मला वसंताचं नाक दिसेना. बाजूच्या नावा दिसेनाशा झाल्या. वसंताचं ओरडणं थांबलं. तो हळूच म्हणाला, "अबे, मला काठच दिसत नाही."

आणि तेव्हा आवाज आला. माझ्या पाठीमागून, म्हणजे जिकडे जायचं तिकडून.

ठक... ठकठक. ठक... ठकठक.

वसंता म्हणाला, "कोण सुतारकाम करतोय रे सकाळी सकाळी?"

हा आवाज मी लहानपणापासून ओळखत होतो. आमच्याकडे रीत आहे. घरचं माणूस पाण्यात असलं आणि धुकं पडलं की काठावर पालथ्या घातलेल्या डोंग्यावर बाईमाणसानं लाकडानं ठोकायचं. आवाजाच्या रोखानं माणूस काठाला लागतो, आणि तो लागेपर्यंत ठोकणं थांबवायचं नाही. प्रत्येक घराचा ठेका वेगळा. हा आमच्या घरचा होता. मोठीमायचा.

पण मोठीमाय पन्नास मैलांवर!

मी "आवाजाकडे घे" असं ओरडलो आणि मग वल्हेकऱ्यानं कधीही करू नये ते केलं. मान वळवून मागे पाहिलं. झालं... वल्हं वाकडं होऊन पाण्यात रुतलं, त्याची मूठ पोटात बसली आणि नाव जागच्या जागी थबकली. त्याच क्षणी ठकठकही थांबली. वसंतानं मला ज्या शिव्या दिल्या त्या केमिस्ट्रीच्या पुस्तकात नव्हत्या.

मी वल्हं सोडवलं. आवाज पुन्हा सुरू झाला, पण आता हलका, थोडा अडखळत. वसंतानं नावेचं नाक त्याच्यावर धरलं आणि आम्ही फुफ्फुसं फाटेस्तोवर ओढलं. किती ओढलं? तर शेवटची रेघ केव्हा ओलांडली ते कळलंच नाही. नाव थेट काठाच्या चिखलात, एका डुंबणाऱ्या म्हशीच्या शेजारी जाऊन घुसली. पंच धुक्यातून धावत आले आणि म्हणाले, "पहिले! पहिले!" म्हशीनं फक्त कान हलवले.

नागपूरची एक नाव कमळाच्या वेलांत अडकली होती, दुसरी गोल फिरून सुरुवातीच्याच काठाला लागली होती. त्या दुसरीच्या कॉक्सला वसंतानं विचारलं, तुम्ही आवाजाकडे का नाही वळलात? तो म्हणाला, "कसला आवाज?" आमच्या नावेतल्या पाचही जणांनी तो ऐकला होता. काठावर ना डोंगा होता, ना सुतार. नुसती म्हैस.

दुसऱ्या दिवशी कप पिशवीत घालून गावी गेलो. मोठीमाय अंगणात जाळं दुरुस्त करत होती. उजव्या तळव्याला चिंधी बांधलेली.

"लागला का काठाले?" तिनं वर न बघता विचारलं.

"लागलो. पयला."

"मंग मधी थांबला काऊन होता?"

मी पिशवीसकट खाली बसलो. आमची नाव थबकली ते त्या धुक्यात काठावरच्या कुणालाही दिसलं नव्हतं. ते आम्हा पाचांनाच ठाऊक.

"तुले कोनं सांगतलं?"

"सांगाले कायले पायजे? घरचं मानूस पान्यात, इथी नदीवर हे धुकं. ठोकत होती मी. मधीच वाटलं, पोरगं अडकलं. हात थांबला. पाहतो तं फोड फुटलेला. मंग डाव्या हातानं ठोकलं." तिनं कप हातात घेऊन उलटा केला, बोटानं वाजवून पाहिला. "पोकळ हाय."

तिला शर्यतीचा दिवस मीच सांगितला होता, हे खरं. ती तिकडे ठोकत बसली असेल, हेही समजतं. पण पन्नास मैल? वसंता पुढे फिजिक्सचा प्रोफेसर झाला. थंड हवेत पाण्यावरून आवाज लांब जातो, असं तो सुरुवातीला समजावायचा. मी म्हणायचो, मधलं जंगल आणि डावा हात पण समजाव. हल्ली तो विषय बदलतो. मीही पोरासोरांना सांगताना इथे येऊन अडकतो.

परीक्षेत मी पास झालो. कसाबसा, आणि संपूर्ण पेपरभर झुलत, पण पास. नाव आमच्याकडेच राहिली. वसंता माझ्याशी अजून बोलतो, या जन्माचं तरी निभावलं.

तो पेपर देताना, एका प्रश्नाशी अडलो तेव्हा, मी खरंच पेन खाली ठेवून कान देऊन बसलो होतो. काही नाही. नुसता पंखा. सुट्टीत घरी गेल्यावर मोठीमायला म्हटलं, "परीक्षेच्या दिवशी काऊन नाई ठोकलं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं शर्यतीच्या नावेत उलटा बसतो म्हटल्यावर पाहिलं होतं.

"परीक्षा का पान्यात होती?"