मला कोणी हेरले नव्हते

आमच्या दूध संस्थेच्या वर्धापन दिनाला जुन्या चेअरमनच्या मुलाने भाषणात सांगितले, की त्याच्या वडिलांनी माझ्यातला कारागीर हेरला आणि दुष्काळात मला घड्याळ दुरुस्तीचे दुकान थाटून दिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गळ्यात हार होता; मी उठून बोललो नाही. ते आता लिहितो. चेअरमनने संस्थेचा ओटा वापरू दिला, आणि त्यासाठी मी आजही त्यांचा ऋणी आहे. पण ओटा देणे वेगळे आणि माणूस हेरणे वेगळे.

माझा पुतण्या सांगतो, काकाला दुसरे काही येत नव्हते. हे तर साफ खोटे. मला फार गोष्टी येत होत्या, हीच अडचण होती. मी पेटी वाजवायचो, पाट्या रंगवायचो, पोळ्यासाठी बैलांचे गोंडे विणायचो, हाती लागेल ते घड्याळ खोलून पुन्हा जोडायचो. धारूरच्या बाजारात माझ्या गोंड्यांना नाव होते. पण ही सारी हौस, पोट शेतीवर.

मग लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस आला नाही. बैल चारा छावणीत गेले, त्यांच्याबरोबर गोंडेही संपले. दसऱ्यानंतर मुकादमाचा ट्रक ऊसतोडीला निघणार होता. तोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पुरुषाला कोणी नेत नाही. पत्नीला सहावा महिना होता, आणि आमचे आधीचे मूल उसाच्या फडातच गेले होते. ट्रक निघण्याआधी एखादी हौस पोटाला लावायची, नाहीतर तिला पुन्हा फडात न्यायचे.

आधी पेटी. परळीच्या एका भजनी मंडळाने बोलावले. दुसऱ्याच अभंगाला बुवा म्हणाले, “पट्टी खाली घ्या.” मी म्हणालो, “पट्टी बरोबर हाय. गळा वर न्या.” मिळेल त्या गाडीने परत आलो. मग संस्थेची पाटी. सचिवाला चेअरमनचे नाव संस्थेच्या नावापेक्षा मोठे हवे होते. मी ब्रश धुतला आणि अर्धी पाटी टाकून घरी आलो.

पत्नी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “भांडून आलात?”

“मी न्हाई भांडलो. तो चुकला.”

“बुवा बी चुकला व्हता. आन् परवा त्यो पाव्हणा तासभर तुमच्या डोक्यावर उभा ऱ्हाऊन, घड्याळ असं खोला, तसं खोला करत व्हता, तवा कावून न्हाई भांडलात?”

“कोणता पाव्हणा?”

मला खरोखरच आठवत नव्हता. ती लई हसली. “अवो, घड्याळ खोललं की तुमाला कुणाचं ऐकूच येत न्हाई. त्योच धंदा करा. बाकी कशात तुमच्याकडं गिऱ्हाईक टिकायचं न्हाई.”

दुसऱ्या दिवशी मी संस्थेत गेलो. दूध घ्यायच्या खोलीतले घड्याळ महिनाभर बंद होते, आणि कोण उशिरा आला यावरून रोज कालवा होत असे. सचिव म्हणाला, “कावून बे, पाटी अर्धी टाकलीस, आता घड्याळाची वाट लावतोस का?” त्यापुढे तो काय काय बोलला, ते इतरांनी नंतर सांगितले. मी स्प्रिंगमधली धूळ पुसत होतो. घड्याळाचे टोले ऐकून चेअरमन बाहेर आले. म्हणाले, “ओट्यावर बसत जा. दूध घालायला लोक येत्यातच.”

एवढेच त्यांनी केले, आणि तेवढे पुरेसे झाले. दसरा झाल्यावर मुकादम शेवटचे विचारायला आला, तेव्हा त्याचेच मनगटी घड्याळ माझ्या पुढ्यात उघडे होते. “न्हाई येत,” मी म्हणालो. ट्रक आमच्यावाचून गेला. मुलगी घरातच जन्मली, सुईणीच्या हातावर.

पत्नीची हकीकत याहून निराळी. तिच्या मते ती असे काही बोललीच नाही. मीच सारे रचले. तिचेही म्हणणे मला मान्य नाही. त्या दिवशी चेअरमनच्या मुलाचे भाषण ऐकून मी खुर्चीवरून अर्धा उठलो होतो. पहिल्या रांगेत ती बसली होती, आणि शेजारी आमची मुलगी, आता स्वतःच आजी झालेली. पत्नीने हात खाली करून ‘बसा’ म्हटले.

मी बसलो.