अस्वलानं फोडलेलं वारूळ

सुकलू माह्या बाजूच्या घरचा. कुरखेड्याच्या शाळेत आम्ही एकाच बाकावर बसत होतो. मी नववीत शाळा सोडली, तो शिकत गेला, डिप्लोमा झाला. तरी गावात आला की पह्यले माह्याच घरी ये. त्याच्याबद्दल कोनी वाकडं बोललं तं मी आजही आयकून घेत नाई.

त्याले लहानपनापासून वारुळाचा नाद. त्याच्या मायच्या, मंगलीबाईच्या, शेताच्या धुऱ्यावर, म्हंजे बांधावर, मोठं वारूळ आहे. उन्हाळ्यात त्याच्या भोकावर हात ठेवून बसे. म्हने, बाहेर एवढी आग आन आत पाह्य कसा वारा फिरून राह्यला.

मंग त्यानं घरामागं मातीची खोली बांधली, मोहफूल ठेवाले. खाली बारीक भोकं, वर उंच नळी. गरम हवा वरून निघे, थंडी खालून घुसे. ना पंखा, ना लाइट. पावसाळाभर मंगलीबाईच्या मोहाले बुरशी नाई लागली.

शहरातल्या एका कॉलेजचे सर ते पाहाले आले. मानूस चांगला होता, मी खोटं काऊन बोलू. त्याईले असंच मोठं गोदाम बांधाचं होतं, साऱ्या गावाईच्या मोहासाठी. सुकलूले कामावर घेतलं. पन नकाशासाठी वारुळाच्या आतले रस्ते पाह्यजे होते. म्हनून धुऱ्यावरच्या वारुळात पातळ प्लास्टर ओताचं, सुकलं की माती धुऊन टाकाची. सुकलूनं इचारलं, आतल्या उधईचं, वाळवीचं, काय. सर म्हने, जंगलात ढीगभर वारुळं आहेत, एकानं काय होते, आन गोदामानं किती घरं वाचतीन.

सुकलूनं नाई म्हनून मान हलवली. मंग म्हने, "सर, ज्याच्यापासून शिकलो त्यालेच मारून बांधाचं, तं मी नाई बांधत."

काम गेलं. गोदाम झालं साधं, टिनाचं. सुकलू हैदराबादले गेला, तिथी एसी बसवते. लोकाईच्या भिंतीले भोकं पाडते आन घरातली गरमी रस्त्यावर सोडते. फोनवर हसते, म्हने घरवाला गोधडी घेऊन झोपते आन खाली फुगेवाला भाजते. मले नाई हसू येत.

गेल्या उन्हाळ्यात अस्वलानं ते वारूळ फोडलं. अर्धं उभं चिरल्यासारखं, आतले सारे रस्ते उघडे. मी लगेच फोटो धाडले, फोन लावला. "ये बे लवकर, तुह्यं काम अस्वलानं फुकटात करून ठेवलं." तो म्हने फोटोत किती खोल ते समजत नाई, हात घालून पाहा लागन, सुट्टी मागतो.

सुट्टी नाई भेटली. एसीवाल्याले उन्हाळ्यात कोन सोडते. इकडे उधई कामाले लागली. रोज सकाळी पाहो तं एखादा रस्ता ओल्या मातीनं बुजला राहे. माह्या हातात काडी राहे. जरासं उकरत राह्यलो असतो तं तो येईपर्यंत उघडं राह्यलं असतं. मी फोनवर त्याले तेच इचारलं.

तो म्हने, "नोको. बुजू दे. तू फक्त पाहून ठेव, कुठून बुजवते."

मी पाहून ठेवलं. वाऱ्याकडची भोकं पह्यले बुजली, मधली मोठी नळी सगळ्याईत शेवटी. कागदावर मले काढता येत नाई. म्हनून त्याच्या खोलीमागं मातीचंच अर्धं वारूळ करून ठेवलं, जसं दिसलं तसं, वर टिन झाकून. पाऊस थांबला की टिन सरकवून पाहतो.

अजून आहे. तो आला की त्याले हात घालून पाहता येईन.