डिकीतला पोलेरा

बासिलिया आणि तिच्याबरोबर बाजारातून आलेल्या बायका भलत्याच मयतीला बसून रडत होत्या, आणि त्यात त्या बिचाऱ्यांची काडीचीही चूक नव्हती.

ला पास शहरातल्या त्या अंत्यविधीवाल्यांकडे शेजारी शेजारी खोल्या होत्या, आणि प्रत्येक खोलीत एकेक पेटी. झाकणाला चेहऱ्यापुरती काच. बायका आधी बरोबर खोलीतच शिरल्या होत्या. बासिलियानं काचेतून वाकून पाहिलं, तर आत कोणीतरी मडम निजलेली. केसांचा अंबाडा, कानात मोत्याच्या कुड्या, करड्या कोटाची इस्त्री केलेली कॉलर. तिनं छातीवर क्रूसाची खूण केली, "चुकलो हो, माफ करा" म्हणत सगळ्यांना मागे लोटलं आणि पुढच्या खोलीत नेलं. तिथल्या पेटीत दोन वेण्यांची, झालरीची शाल पांघरलेली म्हातारी होती. मेल्यावर चेहरा ओढला जातो, दुसऱ्यांदा निरखून कोण बघतं? त्या बसल्या, कोकाची पानं तोंडात टाकली आणि मोकळ्या गळ्यानं रडायला लागल्या. त्या घरच्यांना वाटलं, आपल्या आजीचा गोतावळा किती मोठा! त्यांनी सगळ्यांना गरम कॉफी दिली.

हुस्तिना दफनभूमीतली जागा ठरवून, गावाकडच्या लोकांना कळवून दुपारी परतली, ती हे रडणं ऐकून आधी त्याच खोलीत शिरली.

"बासिलियामावशी, तुम्ही इथं काय करताय?"

"काय करताय म्हणजे? तुझ्या आईसाठी रडतेय. तू कुठं उलथली होतीस सकाळपासून?"

"आई शेजारच्या खोलीत आहे."

"तिथं जाऊन आलो आम्ही. तिथं कुणीतरी बँकेतली बाई ठेवलीय."

हुस्तिना शेजारी गेली. काचेतून पाहिलं. ती बँकेतली बाई म्हणजे तिची आई होती. नीकानोरा लारुता. जन्मभर जिनं पोलेरा सोडून दुसरं काही अंगाला लावलं नाही ती बाई. डोक्याशी फुलांमध्ये फोटो ठेवला होता, तोही त्याच वेषातला. एवढ्या फोटोंमधून नेमका तोच.

पोलेरा म्हणजे नुसता घागरा असं ज्याला वाटतं त्यानं तो कधी धुतलेला नाही. कित्येक वारांचा घेर, आडव्या चुण्या, आत एकावर एक परकर, वर झालरीची शाल, पाठीवर दोन वेण्या टोकाला काळ्या लोकरी गोंड्यांनी जोडलेल्या, आणि डोक्यावर जरा तिरकी गोल हॅट. या शहरात ही बाई बसमध्ये चढली की ड्रायव्हर कुरकुरतो, हॉटेलात शिरली की वेटरला ऐकू येईनासं होतं, आणि दवाखान्यात पांढऱ्या डगल्यातली पोरगी तिला "ए पोरी" म्हणते. सत्तरीच्या बाईला पोरी! नीकानोरा अशा वेळी गावाकडच्या आयमारा भाषेत असं काही सणसणीत सुनवायची की समजणारे खाली माना घालून हसायचे आणि न समजणारे उगाच ओशाळायचे.

ती सरोवराकाठच्या गावातून पोरवयात शहरात आली, ती एका बंगल्यावर कामाला. मालकिणीनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं, हा तुझा पसारा काढ, झगा घाल, घरात शोभत नाही. नीकानोरा त्याच संध्याकाळी गाठोडं उचलून निघाली. मग बाजारात फरशीवर फडकं अंथरून तिनं गोठवून वाळवलेले बटाटे विकायला सुरुवात केली, आणि शेवटच्या आजारपणापर्यंत तिथून उठली नाही. नवरा खाणीत कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. तिनं त्याच्या नावानं ना बोटं मोडली ना वाट पाहिली. वजन झाल्यावर वर मूठभर माल टाकल्याशिवाय तिनं गिऱ्हाईक कधी सोडलं नाही, आणि घासाघीस करणाऱ्याची टर उडवल्याशिवायही नाही. पोटची दोन मुलं. विल्फ्रेडो हुशार म्हणून त्याला पैसेवाल्यांच्या शाळेत घातलं. हुस्तिना थोरली, आणि मुलगी. तिला शाळेतून काढून बटाट्यांच्या पोत्यांमागे बसवलं. त्याचं हुस्तिनाला वाईट वाटलं नाही असं नाही, पण आईनं ते लपवलं नाही. "तुझ्यावर अन्याय केला मी," ती चारचौघींत म्हणायची, "पण दोघांना पुरेल एवढं माझ्याकडं नव्हतं." एवढं सरळ बोलणाऱ्या माणसावर किती दिवस रागावणार?

त्या शाळेच्या शेवटच्या समारंभाला विल्फ्रेडो आईच्या पायाशी बसला आणि म्हणाला, आई, एवढ्या दिवसापुरता कोट-स्कर्ट घाल. दारवान पोलेरावाल्या बायकांना मागच्या दारानं पाठवतो. नीकानोरानं भाड्यानं कोट-स्कर्ट आणला. हुस्तिनाला तो दिवस विसरणं शक्य नव्हतं. आई पुढच्या दारानं गेली, पण कशी? सारखी मांड्यांवरून हात फिरवत, जणू कुणीतरी तिला अर्धी कापून ठेवलीय. फोटो निघाला, आता फुलांमध्ये ठेवलेला तोच. पोरगा खूश. घरी आल्यावर नीकानोरानं तो कोट जमिनीवर टाकला आणि म्हणाली, "तुझ्यासाठी एकदा केलं. पुन्हा कधी सांगू नकोस." पुन्हा कधी त्यानं सांगितलं नाही. मेल्यावर तिला विचारायची गरजच उरली नाही.

"विल्फ्रेडो!"

तो दाराशी पाहुण्यांच्या कॉफीचं बघत होता. सरकारी ऑफिसात इंजिनिअर, काळा सूट, रडून सुजलेले डोळे. रडला तो खराच होता, ते हुस्तिनालाही दिसत होतं. त्यानं तर ती जास्तच भडकली.

"मी सकाळी योवानाच्या हातानं आईचे कपडे पाठवले होते. कुठं आहेत?"

"ताई, हळू बोल."

"कुठं आहेत?"

"गाडीत," योवाना म्हणाली. विल्फ्रेडोची मुलगी, कॉलेजात शिकणारी. चालायला लागेपर्यंत, आणि लागल्यावरही, ती आजीच्या पाठीवरच्या झोळीत बाजारात वाढली होती. रंगीत पट्ट्यांच्या कापडातून ती गिऱ्हाइकांची नाकं ओढायची आणि आजी वर मूठभर टाकून मांडवली करायची. "डिकीत. स्टेपनीच्या खाली. पप्पांनी ठेवले."

"डिकीत!" हुस्तिनाचा आवाज फुटला. "आईचा सणाचा पोलेरा तू स्टेपनीखाली टाकलास?"

"संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर माझे साहेब येणारेत, ताई. सगळं खातं येणार. ही माणसं कशी बघतात तुला माहीत आहे. एक दिवस, शेवटचा, कुणी तिच्याकडे खालच्या नजरेनं बघू नये एवढंच वाटलं मला. वाईट काय केलं मी?"

"कुणी खालच्या नजरेनं बघू नये म्हणून तू तिला गायबच केलीस. तिच्या शेजारी आयुष्य काढलेल्या बायका तिला ओळखू शकल्या नाहीत. दुसऱ्याच्या आईपाशी जाऊन रडताहेत, ये, बघ!"

मार्सेला, त्याची बायको, समजुतीच्या सुरात मध्ये पडली. "अहो ताई, आमच्या मनात पोलेराबद्दल काही वाईट नाही. उलट आपली संस्कृती आहे ती. मी तर दरवर्षी..."

"हो, तू दरवर्षी!" हुस्तिना तिच्याकडं वळली. "जत्रेच्या मिरवणुकीत भाड्याचा पोलेरा आणि विकतच्या वेण्या लावून नाचतेस, फोनवर तोच फोटो लावलायस. नाचायला पोलेरा चालतो, आणि जिनं तो जन्मभर नेसून तुझ्या नवऱ्याला इंजिनिअर केलं तिला पुरायला चालत नाही?"

मार्सेलानं फोन पर्समध्ये टाकला. विल्फ्रेडो काहीतरी म्हणणार होता, पण योवानानं त्याच्यापुढं हात केला.

"किल्ली द्या, पप्पा."

"योवाना, तू यात पडू नकोस."

"आजीनं मला पाठीवर घेऊन वाढवलं. मीच पडणार. किल्ली."

त्यानं दिली.

बायका शेजारच्या खोलीतून उठून आल्या. आपण परक्या मयतीवर कॉफी पिऊन रडलो हे कळल्यावर बासिलियाला आधी लाज वाटली, मग हसू फुटलं, आणि मग तिनं विल्फ्रेडोला अशी एक अस्सल आयमारा शिवी हासडली की नीकानोरा असती तर पोट धरून हसली असती. त्यांनी पुरुषांना बाहेर काढलं, दार लावलं. अंत्यविधीवाल्या कंपनीचा माणूस दारावर टकटक करून सांगत होता की असं नियमात बसत नाही. बासिलियानं दाराला पाठ लावली.

कोट उतरवताना तो पाठीमागे कापलेला निघाला. मेलेल्याला कपडे चढवणं सोपं जावं म्हणून कंपनीवाले असंच करतात म्हणे, पुढून साहेबी आणि मागून फाटकं. हुस्तिनानं तो गोळा करून कोपऱ्यात फेकला. मग एकेक परकर, मग जांभळा सणाचा पोलेरा, डिकीत पडून त्याच्या चुण्यांना ग्रीसचा डाग लागला होता. योवाना थुंकी लावून तो पुसत होती आणि रडत होती. "राहू दे," बासिलिया म्हणाली, "तिनं डागासकटच आयुष्य काढलं." अंबाडा सोडला. एक वेणी हुस्तिनानं घातली, दुसरी योवानानं. आत्याची घट्ट झाली, पोरीची सैल, पण गोंड्यांनी दोन्ही जोडल्या तेव्हा आई आईसारखी दिसायला लागली. हॅट छातीवर ठेवली. फुलांमधला फोटो काढून त्याजागी बासिलियाच्या फोनमधला लावला, बाजारात तोंड उघडून हसतानाचा. फोन उभा राहीना म्हणून त्याला कॉफीचा कप टेकवून दिला.

संध्याकाळी साहेबलोक आले. खोली गच्च भरली होती. बाजारातल्या बायका भिंतीलगत पोलेरे पसरून बसल्या होत्या, पानं चघळत. साहेबलोक दाराशीच घुटमळले. खात्याचे मुख्य, इंजिनिअर उरिओस्ते, सभ्य गृहस्थ, पेटीपाशी गेले, काचेतून पाहिलं आणि विल्फ्रेडोच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुमच्याकडे कामाला होत्या का या?" त्यांनी मायेनं विचारलं. "फार वर्षांपासून असणार. आणि मातोश्रींना कुठं ठेवलंय?"

हुस्तिना जागची हलली नाही. सबंध खोली ऐकत होती. विल्फ्रेडोचे कान लाल झाले. तो बुटांकडे बघत काहीतरी पुटपुटला.

"काय म्हणालात?"

"मोठ्यानं सांग, विल्फ्रेडो," हुस्तिना बसल्या जागेवरून म्हणाली.

विल्फ्रेडोनं मान वर केली. "ही माझी आई," तो म्हणाला. आवाज फाटला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "मी हिचा मुलगा. बटाटे विकून हिनं मला शिकवलं."

साहेब अडखळले. "माफ करा, मला वाटलं..."

"तुम्हाला काय वाटलं ते मला माहीत आहे, साहेब."

बायकांनी पुन्हा रडायला सुरुवात केली, या वेळी बरोबर माणसासाठी. योवाना उठून बापाजवळ गेली. हुस्तिना मात्र उठली नाही. तिचा राग तसूभरही उतरला नव्हता. हेच एक वाक्य चारचौघांत ऐकण्यासाठी आईनं काय दिलं नसतं, आणि तिला ते मरेपर्यंत ऐकायला मिळालं नाही.