ठेवून घेतलेले आवाज

सास्तूरला पिठाच्या गिरण्या दोन. बसथांब्याजवळच्या नव्या गिरणीत पीठ मिळतं. रुद्रम्माच्या गिरणीत पीठ मिळतं आणि बाईला थोडा वेळ बसायला मिळतं.

रुद्रम्मा आता साठीला टेकली आहे. कपाळावर विभूती, आणि विभूतीवर दिवसभराचं पीठ. दगड कसा चालला आहे हे ती बघत नाही, ऐकते. ज्वारीत खडा आला तर आवाजावरून तिला कळतं. बायकांचंही तसंच. दारात कोण आलं हे ती मान वर न करता सांगते, आणि आलेली बाई घरून जेवून निघाली आहे की रडून, हेसुद्धा.

ती लग्न होऊन आली तेव्हा जुनं गाव होतं. भिंतीला भिंत लागलेली, चुलीपाशी बसून पलीकडच्या बाईशी बोलता यायचं. भूकंपानंतर नवं गाव बसलं ते रुंद रस्त्यांचं, सरळ रांगांचं. घरं पक्की झाली आणि लांब झाली. शेजारणीशी बोलायचं तर रस्ता ओलांडावा लागे, आणि रस्ता ओलांडायचा तर घरात कारण सांगावं लागे. दळणाला मात्र कुणी नाही म्हणत नसे. म्हणून वीरभद्रनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, गिरणी टाकली तेव्हा बायका पायलीचं दळण दोनदा करून आणू लागल्या.

वीरभद्र गेला. तेराव्यानंतर दीर म्हणाला, "वैनी, गिरणी इकून टाकू." रुद्रम्मा म्हणाली, "इका. पर आधी पट्टा चढवून दावा." दिरानं पट्ट्याकडं पाहिलं आणि चहा पिऊन गेला.

पुढं फोन आले. वीज कधी येईल, कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून रुद्रम्मानं पुतणीकडून व्हॉट्सअॅपवर बायकांचा गट करून घेतला. नाव ठेवलं 'दळण'. तिला लिहिता येत नाही, सहीपुरती अक्षरं येतात. ती बोलूनच निरोप पाठवी, "लाइट आली गं, या." बायकाही बोलूनच उत्तर देत. हळूहळू दळणाचं बोलणं कमी झालं आणि बाकीचं वाढलं. कुणाची सासू, कुणाचं दुखणं, कुणी शिकवलेली चटणी, मध्येच कानडी शिवी, मध्येच हसू. जुन्या गावातली ती सामाईक भिंत परत उभी राहिली म्हणा ना.

गटाचा एक नेम होता. सोमवार महादेवाचा, गिरणी बंद. त्या दिवशी रुद्रम्मा दगड उचलून, सांदीकोपऱ्यातलं शिळं पीठ झाडून काढी. तेव्हाच गटात सांगे, "झाडून घ्या गं." मग सगळ्या बायका आठवडाभराचं बोलणं फोनातून पुसून टाकत. घरात कुणी फोन उचलला तरी त्यात काही सापडू नये म्हणून. तीन वर्षांत हा नेम कुणी मोडला नाही, असं रुद्रम्मा छाती पुढं काढून सांगायची.

पुतणीचं नाव शिवलीला. हिनंच गट करून दिला होता. पुढं ती पुण्याला विद्यापीठात शिकायला गेली. काय शिकतेस म्हणून काकूनं विचारलं.

"डिजिटल माध्यमं, काकू. म्हणजे फोनवर माणसं कशी बोलत्यात, एखादी गोष्ट कशी पसरती, गावागावात ह्याचा वापर कसा निराळा हाय, ते सगळं."

"ह्याला पुण्याला जावं लागतंय व्हय? इथं डबा घिऊन बस की चार दिस."

शिवलीला खूप हसली होती. जाताना म्हणाली, "मला गटात राहू द्या. तुमचा आवाज ऐकला की होस्टेलात झोप लागल." रुद्रम्मानं बायकांना विचारलं. घरची लेक, राहू दे, असं सगळ्या म्हणाल्या.

आता कडूबाईचं सांगायला हवं, कारण हे सगळं तिच्यावर येऊन पडलं.

कडूबाई तामलवाडीची. हरिबाला दिली तेव्हा तिच्या बापानं सांगितलं होतं, पोरगी दहावी पास आहे. ती नववीतूनच घरी बसली होती. बापाचा शब्द तिनं बारा वर्षं पदराखाली झाकून ठेवला. हरिबा मनानं वाईट नाही. चारचौघांत बायकोचं शिक्षण अभिमानानं सांगायचा. गावात आशाताईची जागा निघणार असं कानावर आलं, तेव्हा तोच म्हणाला, "तू अर्ज कर. गावात दहावी झालेल्या सुना हायत्याच किती?"

कडूबाई त्या दिवशी ज्वारीचा डबा घेऊन आली आणि डब्यावरच बसून राहिली. रुद्रम्मानं पट्टा थांबवला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग हू की पास. हाय काय त्यात!"

लोहाऱ्याच्या एका शाळेत बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. घरचा फोन नको म्हणून रुद्रम्माचा नंबर दिला. कडूबाई दळणाला येई आणि पोत्यांच्या आडोशाला पुस्तक उघडे. गणित गटातली एक सून समजावून सांगे. इंग्रजी शिवलीला पुण्याहून शिकवी, रोज एक धडा, आवाजात. एका धड्यानंतर तिनं विचारलं, "ताई, एवढ्या कष्टानं कशासाठी शिकताय?" आणि गिरणी चालू असताना, फोन तोंडाशी धरून कडूबाईनं सगळं सांगितलं. बापाचं खोटं, नवऱ्याचा अभिमान, बारा वर्षांची धास्ती. शेवटी म्हणाली, "एकदा खरंच पास झाले की मग त्यास्नी सांगीन. तवा सांगायला तोंड असंल मला."

पंचमीला शिवलीला गावी आली. झोके बांधले होते, बायका हातावर मेंदी घेऊन बसल्या होत्या. आमच्याकडं पंचमीला आलेल्या लेकीनं काही मागितलं तर कशाला म्हणून विचारत नाहीत. विचारलं तर तिला माहेर परकं केल्यासारखं होतं. शिवलीलानं इंग्रजी कागद पुढं केला. "काकू, अभ्यासाला लागतंय. गटाच्या वतीनं तुमची सही पुरे." रुद्रम्मानं मेंदीचा हात वर धरला आणि दुसऱ्या हातानं जपून सही केली. रेघेवर नीट बसली म्हणून तिला बरंही वाटलं.

डिसेंबरात चाळीस सेकंदांची एक क्लिप आली.

विद्यापीठाच्या त्या विभागानं विद्यार्थ्यांचे अभ्यास इन्स्टाग्रामवर मांडले होते. शिवलीलाचा अभ्यास सगळ्यांत वाखाणला गेला. मागं गिरणीची घरघर आणि तिच्यावर एका बाईचा आवाज, बापाचं खोटं सांगणारा. नाव 'कमल' दिलेलं. बोली आपली, आवाज गोड, त्यामुळं आपल्या भागातल्या लोकांनी ती क्लिप हौसेनं पुढं पाठवली. लातूर, उमरगा, लोहारा करत ती सास्तूरच्या हॉटेलात येऊन पोचली. हरिबा तिथं चहा पीत होता.

"आरं, ही तर तुमच्या घरची वाटतीया," कुणीतरी म्हणालं.

"पुन्ना लाव," हरिबा म्हणाला. दुसऱ्यांदा ऐकताना त्यानं कप खाली ठेवला. मागून एकजण बोलला, "काय हरिबा, दहावी पास न्हवं का?" हॉटेल हसलं.

घरी तो ओरडला नाही. सकाळी बायकोला बसथांब्यावर सोडलं आणि एवढंच म्हणाला, "बापाला इचारून ये, कितवी शिकलीस त्ये. आन मी बोलवल्याबिगर यिऊ नको."

आठ दिवसांत गटातली निम्मी नावं कमी झाली. कुणी भांडलं नाही. डबे मात्र नव्या गिरणीकडं जाऊ लागले.

रुद्रम्मानं शिवलीलाला बोलावून घेतलं. ती आली त्या दिवशी सोमवार होता. रुद्रम्मा दगड झाडत होती. तिनं केरसुणी ठेवली नाही.

"क्लिप काढायला लावली, काकू."

"निघाली का?"

"आमच्या पानावरनं निघाली. लोकांच्या फोनात गेली ती आता..."

"एखादी गोष्ट कशी पसरती, ह्येच शिकतीस न्हवं तू?"

शिवलीला म्हणाली, "नाव बदललं होतं मी."

"आन आवाज?"

"तुमची सही हाय, काकू." बोलल्या क्षणी तिलाच ते बोलणं नको झालं असावं. तिनं ओठ चावला.

"सही म्या माझ्या लेकीला दिली हुती," रुद्रम्मा म्हणाली. "इद्यापीठाला न्हाय." तिनं दगडाच्या कडेचं पीठ झाडून काढलं. "आमी दर सोमवारी पुसत हुतो. तू?"

"ठेवत होते."

"कवापासनं?"

"पहिल्या दिवसापासनं."

रुद्रम्मा आता उभी राहिली. "माझ्या आवाजानं झोप लागती म्हणत हुतीस. त्ये तरी खरं हुतं का?"

"खरं होतं. शपथ. दोन्ही खरं होतं."

"पास झालीस?"

"पहिली आले."

"आन ती?"

शिवलीला रडली. रुद्रम्मानं तिला पाणी दिलं, जेवायला वाढलं, बसथांब्यापर्यंत सोबत गेली. पण 'पुन्हा कधी येशील' हे विचारलं नाही. शिवलीला खिडकीतून बराच वेळ मागं बघत होती.

जानेवारीच्या शेवटी लोहाऱ्याच्या शाळेतून फोन आला, परीक्षेचं हॉल तिकीट घेऊन जा. नंबर रुद्रम्माचाच दिलेला. तिनं भर बाजाराच्या दिवशी गिरणीला कुलूप लावलं. शाळेतून पाकीट घेतलं, तुळजापूरची गाडी धरली, तिथून तामलवाडी. वाटेत ती काय काय बोलायचं ते जुळवत होती. पुतणीनं केलं, मला ठाऊक नव्हतं, मला कागद वाचता येत नाही. सगळं खरं होतं. तामलवाडीला उतरेपर्यंत तिला ते सगळं निरुपयोगी वाटू लागलं. शिवलीलाला गटात घेतलं होतं तिनंच.

कडूबाई अंगणात तूर झोडपत होती. तिनं पाट दिला, पाणी दिलं. पूर्वी ती रुद्रम्माला बघितल्याबरोबर "यव्वा, अक्का आली!" म्हणायची. आज म्हणाली, "बसा."

"हरिबाचा काय निरोप?"

"न्हाय."

रुद्रम्मानं पिशवीतून पाकीट काढून दिलं. "तुझं हॉल तिकीट. पेपर पंधरा-वीस दिसांवर आला. मी गाडी करून देते. माझ्या घरी ऱ्हा, न्हायतर लोहाऱ्यात सोय करते. पर दे, पोरी. आता तरी सोडू नको."

कडूबाईनं पाकीट घेतलं. आत काय आहे ते आधी पाहिलं नाही. पाकीट उलटं केलं, चिकटवलेल्या कडेवरून बोट फिरवलं, कुणी उघडून परत लावलंय का ते उजेडाकडं धरून बघितलं. तीन वर्षं जिनं आपलं दळण झाकण न लावता रुद्रम्माच्या ताब्यात सोडलं, ती बाई.

"फोडलं न्हाय म्या," रुद्रम्मा म्हणाली.

"मी कुठं काय म्हणलं, अक्का."

"देशील न्हवं पेपर?"

कडूबाईनं पाकीट ब्लाउजात ठेवलं आणि पुन्हा काठी हातात घेतली. "देईन का न्हाय, त्ये सांगत न्हाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणूनच ऐकवत नव्हतं. "माझं म्हणून तेवढं एक ऱ्हाऊ द्या."

रुद्रम्मा उठली. बस यायला वेळ होता, तरी फाट्यावर जाऊन उभी राहिली.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी तिला लोहाऱ्याला जाता आलं असतं. शाळेच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे, तिथून आत जाणाऱ्या सगळ्या दिसतात. सकाळी ती पातळ नेसून तयारही झाली. मग तिनं पदर खोचला, गिरणी उघडली आणि पट्टा चढवला. कडूबाई गेली असेल किंवा नसेल. न विचारता ते बघून येणं तिला चोरीसारखं वाटलं.