भाकरीच्या दगडाखालचं कपाट

बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला जमिनीवर बसायला कायमची बंदी केली. आमच्या घरात याचा सरळ अर्थ असा, की तांदळाची भाकरी बंद. ती जन्मभर खाली बसून, परातीवर सगळं अंग टाकून उकड मळत आलेली. ओट्यावर करून बघितली. पण शेलूच्या आमच्या फ्लॅटचा ओटा उंच आणि बायको माझ्या खांद्याला जेमतेम लागते. जोर लागेना, भाकरीला चिरा पडायच्या. आठवड्याभराने ती म्हणाली, "विकतच्या चपात्या आणत जा." पळसदरीच्या शेतकऱ्याची ही लेक, ती विकतची चपाती तोडताना मान वर करत नसे. मला ते बघवेना.

म्हणून मी ठरवलं, तिच्या मापाचं बुटकं लाकडी कपाट करायचं आणि वर जाड दगड टाकायचा. दगड जड हवा, म्हणजे मळताना सरकणार नाही.

"सुताराला बोलवा," ती म्हणाली.

"सुतार काय वेगळं करतो?" हाच प्रश्न मी पूर्वी प्लंबरबद्दलही विचारला होता. त्याचं उत्तर खालच्या मजल्यावरच्यांच्या छतावर अजून दिसतं.

मोबाइलवर व्हिडिओ बघत, जुन्या पलंगाचा साग कापत मी तीन रविवार घालवले. कुंभिवलीहून तीन बोटं जाड काळा दगड टेंपोने आणला. तो वर चढवण्याआधी कपाटाची परीक्षा म्हणून मी स्वतः वर बसलो. मग शेजारच्या भाऊंनाही बसवलं. आम्हा दोघांच्या पोटांचा भार कपाटाने हूं का चूं न करता सोसला. मी फोटो काढला, नातेवाइकांना पाठवला. मग इमारतीतल्या चौघांना बोलावून दगड चढवला.

बायकोने उकड घेतली, तळहात टेकवले आणि पहिला रेटा दिला. कपाट कुरकुरत भिंतीकडे कललं. हात मागे घेतल्यावर परत पुढे आलं. तिने पुन्हा रेटा दिला, ते पुन्हा झुललं.

"अहो, हे पायावर आलं तर दुसराही गुडघा गेला माझा," म्हणत तिने हात धुतले. "राहू द्या. नाही नशिबात."

ते 'राहू द्या' मला फार लागलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सासरे काकड्या घेऊन आले. त्यांना मी सगळं सांगितलं, फोटोही दाखवला. त्यांनी फोटो बघितला, कपाटाला बाजूने एका हाताने ढकललं आणि हसायला लागले.

"जावई, याच्यावर म्हस बसवा, काय होनार नाय. पन माजी पोर काय याच्यावर बसनार हाय? ती मळनार! बसनाऱ्याचा भार खाली जातो, मळनारीचा आडवा."

"मग आता?"

"शेतात राखनीचा माळा बांधतो आमी. नुसत्या उभ्या खांबांवर ऱ्हाईल का तो? वारा आला की माळा आनि राखण्या दोगं भातात. तिरक्या दांड्या लागतात, एका खांबाच्या पायापासनं दुसऱ्याच्या डोक्यापरेंत."

माझे सगळे खांब उभे आणि सगळ्या पट्ट्या आडव्या होत्या. तिरकं असं त्यात काहीच नव्हतं.

दगड उतरवायला पुन्हा तेच चौघे आले. या वेळी त्यांनी चहा आधी मागितला. सासऱ्यांनी दोऱ्याने माप घेतलं, मी कापलं, त्यांनी स्क्रू नाकारून आधी खाचा पाडायला लावल्या. मागे आणि दोन्ही बाजूंना तिरक्या पट्ट्या बसल्या. दगड परत चढला. सासऱ्यांनी ढकललं, मी खांदा लावून ढकललं. कपाट तसूभर हललं नाही.

"बघ गं आता," ते लेकीला म्हणाले.

तिने आधी एका हातानेच रेटून बघितलं. मग दुसराही हात टेकवला. मग हळूहळू खांदे, पाठ, सगळं अंग त्या उकडीवर आलं. पहिली भाकरी थापताना कडेला चिरली. "हात विसरला," ती स्वतःशीच म्हणाली. दुसरी वाकडी झाली, ती मला मिळाली. तिसरी तव्यावर टम्म फुगली.

सासरे काकडी चिरत होते, ते थांबून बघत राहिले. बायकोने मागे वळूनही बघितलं नाही. पिठाने माखलेला हात तेवढा माझ्याकडे केला.

"पीठ काढा अजून. एवढ्यात काय होतंय?"