स्टायलोच्या एका काडीसाठी जाफराबाद

सोमवारी प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि माझ्या तीन वर्षांच्या कामावर पांढरी बुरशी दिसली. शनिवार-रविवार एसी बंद पडला होता. स्टायलो म्हणजे कोरडवाहू रानात वाढणारं, शेंगा येणारं चाऱ्याचं रोप. त्याच्या फक्त एका वाणाच्या पानाच्या तुकड्यापासून आमच्याकडे बाटलीत नवी रोपं नीट तयार व्हायची, आणि त्यातच नवं जनुक घालणं हे माझं पीएचडीचं काम. सगळ्या बाटल्या गेल्या. बी का जपून ठेवलं नाही, हे विचारू नका. सरांनी विचारून झालंय.

त्याच वाणाची, जनुक न घातलेली सहा साधी रोपं गेल्या पावसाळ्यात मी जाफराबादजवळच्या कमलमावशींना दिली होती. त्यांच्याकडे शेळ्या आहेत. आता सगळा भरवसा त्या सहा रोपांवर, आणि मावशींचा फोन लागत नव्हता.

मंगळवारी सकाळी संभाजीनगरहून जालन्याची एसटी धरली. मांडीवर काड्या आणायला घेतलेला बर्फाचा डबा. जालना एमआयडीसी लागली तशा बियाणं कंपन्यांच्या पाट्या सुरू झाल्या. इतकं बियाणं असलेल्या गावातून मी बियाण्याविना चालले होते, आणि चूक माझीच होती. जालन्याहून राजूरला एसटी मिळते, पुढे टेंभुर्णीवरून काळीपिवळी जीप. ती भरल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे घाई असेल तर जाऊ नका. राजूरला गणपतीला हात जोडले आणि चहा घेतला.

जीपमध्ये शेजारच्या आजोबांनी डब्यावर टिचकी मारली. "काय हाय यात, मासळी का?"

"रिकामा आहे."

"रिकामा डबा घिऊन एवढ्या उन्हाचं कुठं चालल्या?"

मला रडू यायचंच बाकी होतं. खिडकीबाहेर एप्रिलचं रान, हिरवं म्हणावं असं काही नाही.

मावशी दारातच भेटल्या. जयभीम झाला. मोबाईल शेळ्यांच्या पाण्याच्या हौदात पडला होता, म्हणून फोन नाही. मी चप्पलही न काढता रोपांच्या वाफ्याकडे गेले. वाफा मोकळा होता. एक काडीसुद्धा नाही.

"मावशी, रोपं?"

"म्या कापून घातली की शेळ्याला. तुमीच म्हणल्ता, खाती का न्हाई ते बघा. लई आवडीनं खाल्ली!"

चारा दिला होता, चारा खाल्ला गेला. मी तिथेच बांधावर बसले आणि सगळं सांगून टाकलं. मावशींनी ऐकलं, मग म्हणाल्या, "मंग रडून काय राह्यल्या? हौदाकडं चला जल्दी."

हौदाच्या सांडपाण्याजवळ लेंड्यांच्या थरातून बारीक पानांची, गुडघ्याएवढी रोपं वर आली होती. दिवाळीच्या सुमारास शेळ्यांनी शेंगांसकट झाडं खाल्ली. कडक कवचाचं बी पोटातून तसंच बाहेर पडलं आणि ओल मिळताच उगवलं. स्टायलोचं बी बहुतेक स्वतःच्याच परागाने धरतं, म्हणजे वाण तोच असावा. "असावा" या शब्दाने मला परतीच्या सगळ्या प्रवासात छळलं.

मी कात्री काढली तर मावशी आडव्या आल्या. "सगळं नेऊ नका. बकरी व्यायला झाली, तिलाबी हिरवं लागतंय." मी चौदा काड्या घेतल्या. मग पिठलं-भाकरी, ठेचा. सकाळपासून पहिल्यांदा भूक लागल्याचं कळलं.

आता घरी, म्हणजे खरं तर प्रयोगशाळेतच, तीन आठवडे झाले. लेंडीच्या ढिगातली काडी निर्जंतुक करणं महाकठीण. औषध जास्त झालं तर काडी मरते, कमी पडलं तर बुरशी येते. बारा बाटल्या गेल्या. दोन स्वच्छ आहेत. एकीतल्या काडीच्या पानाचा तुकडा वेगळा लावला होता, त्यावर काल हिरवा ठिपका दिसला, बहुधा नवा कोंब. मी दिवसातून पाच वेळा बघते, आणि अजून खात्री देत नाही.

मी कुलूप लावून जपलं ते मेलं, आणि मावशींनी खाऊ घातलं ते जगलं. याची लाज वाटते, आणि हसूही येतं. नव्या नोंदवहीत "राखीव साठा कुठे" असा रकाना आहे. तिथे मी लिहिलं: कमलमावशींचा हौद, जाफराबाद. सरांनी ते वाचलं आणि खाली सही केली.